डबा घेतलेला गायक आणि शिवडीचे वामनदादा

(भाग २३ ची संहिता. बोलताना झालेली अडखळ आणि मध्येच वाजलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी तसंच ठेवलंय.)

हा भाग मी वडाळ्याच्या घरातून रेकॉर्ड करतेय, त्यामुळे मागे हार्बर लाईनचा आवाज आला तर सांभाळून घ्या. मागच्या महिन्यात मी सांगितलं होतं की एका सोल गायकावर भाग करणार आहे. तो आहे बिल विदर्स. पण तयारी करता करता भाग हातातून निसटला आणि अमेरिकेतून थेट शिवडीत येऊन पडला. कसं झालं ते आधी सांगते.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात ओट्यावर फोन टेकवून बिल विदर्सचा पहिला अल्बम लावला होता. १९७१ चा, ‘जस्ट ॲज आय ॲम’. आजी मेथी निवडत बसली होती. तिला इंग्रजी कळत नाही. दोन गाणी झाल्यावर तिने चष्मा सरसावला, फोनवरचा फोटो बघितला आणि विचारलं, “हा डबा घेऊन कुठं चाललाय गं?”

मी तो फोटो शंभर वेळा बघितला असेल. विटांच्या भिंतीशी उभा असलेला एक साधा माणूस, हातात काहीतरी आहे. ते ‘काहीतरी’ जेवणाचा डबा आहे, हे मला माहीत होतं, पण त्याच्यावर कधी थांबले नव्हते. आजी थांबली, कारण तिने आयुष्यभर डबे भरलेत. आजोबा गोदीत होते.

मी तिला सांगितलं की हा माणूस कारखान्यात होता, विमानाच्या संडासाच्या सीट बनवायचा, आणि हा फोटो जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच काढलाय. आजी हसली आणि म्हणाली, “मग आपल्या वामनदादांसारखाच की. तेही कोळशाच्या वखारीतनंच आले.”

आजचा भाग आजीच्या या एका वाक्यावर आहे.

आधी सोल म्हणजे काय, थोडक्यात

सोल हा शब्द आपण ‘भावपूर्ण गाणं’ अशा अर्थाने सैल वापरतो. पण तो एका विशिष्ट इतिहासातून आलेला प्रकार आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गॉस्पेल गायलं जायचं. एकाने ओळ टाकायची, सगळ्यांनी उचलायची. टाळ्या, हुंकार, ओरडणं, रडणं, सगळं त्यात. सोलने ही गाण्याची पद्धत जशीच्या तशी चर्चबाहेर आणली आणि देवाच्या जागी प्रेम, भूक, नोकरी, वर्णभेद असे रोजचे विषय घातले.

एक उदाहरण पुरेसं आहे. १९५४ मध्ये रे चार्ल्सने ‘आय गॉट अ वूमन’ हे गाणं केलं. त्याचा साचा तेव्हाच्या एका गॉस्पेल गाण्याचा होता. चाल भक्तीची आणि शब्द बाईच्या प्रेमाचे. चर्चमधल्या अनेकांना हे अजिबात रुचलं नाही. पण लोकांना चाल आधीच पाठ होती, गाणं पसरायला वेळ लागला नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा: ओळखीची चाल, नवे शब्द. पुढे लागणार आहे.

बिल विदर्स या परंपरेत उशिरा आला. जन्म ४ जुलै १९३८, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसाखाणींच्या गावात. लहानपणी तोतरा बोलायचा. नऊ वर्षं नौदलात, मग कारखाना. पहिला अल्बम आला तेव्हा वय ३२. गाणं चाललं तरी लगेच नोकरी सोडली नाही, कारण हा धंदा कधी बुडेल याचा भरवसा नाही असं त्याला वाटायचं. आमच्या ऑफिसमध्ये लेऑफच्या बातम्या येतात तेव्हा मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

आता शिवडीला जाऊ.

पाट्या वाचणारा तरुण

वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावात. आधी एक घोळ मिटवते, कारण माझाही झाला होता: आंबेडकरी जलशांचे थोर शाहीर भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा वेगळे. दोघेही नाशिककडचेच, पण भीमराव आधीच्या पिढीचे.

वामनदादांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मुंबईत आले आणि मिळेल ते काम केलं. कोळशाच्या वखारीत राबले, फिरून किरकोळ वस्तू विकल्या, पुढे टाटा ऑइल मिलमध्ये लागले. राहायला शिवडीची बीडीडी चाळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती. त्यातली सगळ्यात छोटी वसाहत शिवडीची, फक्त १२ इमारतींची. वडाळा रोडवरून सीएसएमटीची गाडी पकडली की पुढचंच स्टेशन. मी रोज उलट्या दिशेने वाशीला जाते, म्हणून इतकी वर्षं तिकडे पाठ फिरवूनच उभी राहिले, असं म्हटलं तरी चालेल.

तर या चाळीत एक गोष्ट घडली, ती त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. कुणीतरी एक पत्र घेऊन त्यांच्याकडे आलं. एवढं वाचून दाखव, म्हणाला. वामनदादा समता सैनिक दलात होते, पोरांना लेझीम शिकवायचे, त्यामुळे लोकांना वाटलं या पोराला वाचता येत असणार. त्यांना येत नव्हतं. ते फार लागलं त्यांना. मग देहलवी मास्तरांकडून अक्षरं गिरवली, बाराखडी शिकले, आणि जोडाक्षरं शिकले ती रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत.

मला हे चित्र सोडवत नाही. विशीतला एक कामगार परळ-लालबागच्या रस्त्याने मान वर करून चाललाय. किराणा, सलून, खानावळ, धर्मशाळा. ‘धर्मशाळा’ वाचता वाचता रफार शिकत असेल. पुढे ज्याच्या यमकांवर हजारो लोक डोलले, त्याचा शब्दसंग्रह असा पाट्यांवरून सुरू झाला.

सिनेमाचंही वेड होतं. स्टुडिओंत एक्स्ट्राची कामं त्यांनी केली. तेव्हा दादर-परळ हा स्टुडिओंचाच भाग होता, घराच्या अंगणातच म्हणा ना. नायक काही झाले नाहीत. पण सिनेमाच्या चाली कानात राहिल्या, आणि त्याच कामी आल्या.

१९४३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टींसाठी महत्त्वाचं. त्याच वर्षी त्यांनी नायगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पहिल्यांदा पाहिलं. आणि ३ मे १९४३ ला पहिलं गाणं रचलं. ते होतं एका हिंदी गाण्याचं विडंबन. लोक हसले, लोकांना आवडलं, आणि या माणसाला कळलं की आपल्याला हे जमतं.

चाल उचलणे म्हणजे चोरी नव्हे

इथे थांबून मला एक गोष्ट नीट समजावायची आहे, कारण यावरून फार टिंगल होते. “भीमगीतं काय, सिनेमाच्या चालींवरच तर असतात.” हे वाक्य मी कितीदा ऐकलंय त्याची गणती नाही.

आता विचार करा. १९४० चं दशक. तुम्हाला एक विचार गावोगाव पोचवायचा आहे. ऐकणारे बहुतेक निरक्षर. वर्तमानपत्र उपयोगाचं नाही. ध्वनिमुद्रिका काढायला पैसा नाही. लाऊडस्पीकर मिळाला तर मिळाला. तुमच्याकडे एक रात्र आहे आणि सकाळी तुम्ही पुढच्या गावाला जाणार. तुम्ही गेल्यावरही गाणं तिथे राहिलं पाहिजे.

नवी चाल बांधलीत तर लोकांना चाल आणि शब्द दोन्ही पाठ करावे लागणार. ओळखीची चाल घेतलीत तर अर्धं काम आधीच झालेलं. फक्त शब्द डोक्यात भरायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर मोबाईलमध्ये ॲप आधीच आहे, तुम्ही फक्त छोटा अपडेट पाठवताय. जिथे नेटवर्क कमी तिथे छोटीच फाईल पाठवतात, नाही का?

आणि ही युक्ती काही नवी नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेतला. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे आले, त्यांनी गण-गौळणीची जागा बदलली, देवस्तुतीऐवजी समाजाचा प्रश्न आणला. ढोलकी तीच, बोलणं वेगळं. तिकडे रे चार्ल्सने १९५४ मध्ये तेच केलं तर त्याला आपण ‘एका संगीतप्रकाराचा जन्म’ म्हणतो.

शिवाय वामनदादा फक्त उसन्या चालींचे नव्हते. लोकगीताचा बाज, कव्वालीचा बाज, गझलेचा घाट, सगळं त्यांच्याकडे आहे. मराठी सिनेमासाठीही त्यांनी गाणी लिहिली.

रचनेतली एक बारीक गोष्ट सांगते. अशा गाण्यात आधी ध्रुवपद असतं, मग कडवी. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ ध्रुवपदाच्या यमकाला येऊन मिळते. का? कारण तो मागे बसलेल्या कोरसला इशारा आहे. कडवं कुणालाही पाठ नसू दे, पहिल्यांदा ऐकत असू दे, यमकाचा तो आवाज आला की सगळ्यांना कळतं, आता आपण उचलायचं. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, तुणतुणं, असेल ते वाद्य. गर्दीच कोरस होते. चर्चमधली हाक आणि प्रतिसाद म्हणतात ते हेच.

फरक आहे तो शब्दांच्या वजनात. बिल विदर्सच्या ‘एन्ट नो सनशाइन’ या गाण्यात एका जागी दोनच शब्द सव्वीस वेळा येतात. तिथे तो पुढे आणखी शब्द लिहिणार होता. सोबतच्या वादकांनी सांगितलं, राहू दे असंच. राहिलं, आणि गाण्याचा तोच भाग अमर झाला. सोलमध्ये शब्द संपतात तिथे आवाज सुरू होतो.

वामनदादांकडे उलट आहे. रात्रभर गाऊन आवाज बसला तरी शब्द उभे राहिले पाहिजेत. कारण त्यांचं गाणं म्हणजे मांडलेला मुद्दा असतो. त्यांचं एक प्रसिद्ध गाणं आहे, देशातल्या बड्या उद्योगपतींची थेट नावं घेऊन, या संपत्तीत कष्टकऱ्याचा हिस्सा किती, असा हिशेब मागणारं. नुसता आक्रोश नाही, चोख हिशेब. आणि हा हिशेब मागणारा माणूस टाटांच्या तेलगिरणीत काम करून आलेला, हे माहीत असलं की गाणं वेगळंच ऐकू येतं.

साठ वर्षांचा दौरा

करिअर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आलेख येतो. पहिला अल्बम, हिट, पुरस्कार, उतार. बिल विदर्सचा आलेख तसा काढता येतो. १९७१ ला सुरुवात, १९७२ ला ‘लीन ऑन मी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर, १९८५ ला शेवटचा अल्बम. कंपनीच्या लोकांच्या सूचनांना कंटाळला आणि ४७ व्या वर्षी सरळ घरी बसला. परत आला नाही. ३० मार्च २०२० ला गेला.

वामनदादांचा आलेख काढायला बसले तर कागदच पुरेना. १९४३ पासून जवळजवळ शेवटपर्यंत ते गात आणि लिहीत राहिले. त्यांचं कॅलेंडर म्हणजे समाजाचं कॅलेंडर. १४ एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. त्याखेरीज लग्नं, बारशी, पुण्यानुमोदन, निवडणुका, मोर्चे. गाव बोलावेल तिथे जायचं, वस्तीत ज्याच्या घरी जागा असेल तिथे उतरायचं. मिळायची ती बिदागी. कधी तीही नाही.

६ डिसेंबर १९५६ नंतर या गाण्यांचं काम बदललं. त्याच्या दोनच महिने आधी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. आणि सांगणारा माणूस गेला. नवा धम्म म्हणजे काय, जुनं काय सोडायचं, घरात काय म्हणायचं, लग्न कसं लावायचं, हे वाचता न येणाऱ्या बाईला कोण सांगणार? गाण्यांनी सांगितलं. माझी आजी म्हणते, “आम्ही पुस्तकातनं नाही गं शिकलो. जात्यावर आधी इठ्ठल होता, मग बुद्ध आला. गाण्यातनंच आला.” आमच्या वडाळ्यातच विठ्ठलाचं मंदिर आहे, आषाढीला रांग लागते. आजी त्या रांगेकडे बघून कधी नाक मुरडत नाही. फक्त स्वतः लागत नाही.

वडाळ्याचंच आणखी सांगायचं तर सिद्धार्थ विहार वसतिगृह इथलं. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे कितीतरी तरुण इथे राहायचे, भेटायचे, भांडायचे. पँथरच्या कवींनी मराठी कविता हलवली, त्यावर पुस्तकं निघाली, परिसंवाद झाले. वामनदादांचा पहिला संग्रह ‘वाटचाल’ निघाला १९७३ ला. म्हणजे पहिल्या गाण्यानंतर ३० वर्षांनी. मग १९७६ ला ‘मोहळ’. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ १९९६ चं. १९९३ मध्ये वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. पत्र वाचता न आलेला मुलगा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष.

घरचं दुःख कमी नव्हतं. पहिला संसार मोडला, लहानगी मुलगी गेली. पण या दुःखाचं भांडवल त्यांनी केलेलं दिसत नाही. १५ मे २००४ ला ते गेले.

शेवटच्या कडव्यातलं नाव

आता मी मूळ मुद्द्यावर येते.

आमच्या घरी एका खोक्यात जुन्या कॅसेट आहेत, आजोबांच्या. आजीच्या त्या वाक्यानंतर मी खोकं काढलं. वरच्या कागदावर गायकाचा फोटो आहे, कंपनीचं नाव आहे, संगीत संयोजकाचं नाव आहे. काही कॅसेटवर गीतकाराचं नावच नाही. मग ऑनलाइन गाण्याच्या ॲपवर शोधलं. तिथेही तेच. गायक भरलेला, गीतकाराचा रकाना रिकामा. एका ठिकाणी तर ‘पारंपरिक’.

मी रोज डेटावर काम करते. रिकामा रकाना म्हणजे काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. ज्याच्या नावाची नोंद नाही तो शोधात येत नाही. शोधात येत नाही त्याची यादी बनत नाही. यादीत नाही त्याला पैसे जात नाहीत. आणि दहा वर्षांनी कुणीतरी प्रामाणिकपणे म्हणतं, ही तर लोकगीतं, कुणी लिहिलीत कुणास ठाऊक.

पण वामनदादांनी यावर एक उपाय आधीच करून ठेवला होता. उपाय जुना आहे, संतांचा आहे. तुकोबा अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालतात, गझलकार शेवटच्या शेरात घालतात. तशी वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. आणि ती नुसती चिकटवलेली नसते. मात्रेत बसवलेली, यमकाला जोडलेली, अर्थात गुंतलेली. काढायला गेलात तर कडवं लंगडं होतं.

कागदावरचं नाव पुसता येतं. फाईलमधला रकाना रिकामा ठेवता येतो. पण गाण्याच्या पोटातलं नाव काढायचं तर गाणंच तोडावं लागतं. रेकॉर्डिंगला वेळ पुरला नाही म्हणून शेवटचं कडवं गाळलं, तरच ते जातं. खोक्यातल्या एका कॅसेटवर मला अगदी तसंच सापडलं. आजी सोबत गात होती, कॅसेट थांबली, आजी थांबली नाही. ती पुढचं कडवं गायली आणि त्यात नाव होतं. कॅसेटमध्ये नव्हतं, आजीत होतं.

माझा रिंगटोन

हे सांगायचं की नाही, यावर मी बराच विचार केला.

बीटेकला मी बाहेरगावी होते. पहिल्या सेमिस्टरला माझा रिंगटोन वामनदादांचं एक गाणं होतं, पप्पांनी लावून दिलेलं. मेसमध्ये फोन वाजला. दोन टेबलं हसली. एकजण म्हणाला, “डीजे आला वाटतं.” दुसऱ्याने आडनाव विचारलं. एवढंच झालं, मारामारी नाही, शिवीगाळ नाही. मी त्या रात्री रिंगटोन बदलला. पुढची चार वर्षं कुणी विचारलं, काय ऐकतेस, तर मी म्हणायचे, सोल. बिल विदर्स. लोक म्हणायचे, वा, काय टेस्ट आहे.

बिल विदर्स मला खरंच आवडायचा, अजूनही आवडतो. खोटं नव्हतं ते. पण आज मला दिसतं की मी एका खाणकामगारांच्या गावातल्या, कारखान्यात राबलेल्या, वर्णभेद सोसलेल्या समाजाच्या गायकामागे लपले होते, कशापासून, तर कोळशाच्या वखारीत राबलेल्या, गिरणीत गेलेल्या, जातिभेद सोसलेल्या माझ्याच समाजाच्या गायकापासून. दूरचं दुःख ऐकलं की चोखंदळ म्हणवून घेता येतं. शेजारच्या वस्तीतून तेच ऐकू आलं तर लोक खिडकी लावून घेतात.

आवाज जास्त असतो, हे मान्य. १४ एप्रिलला आमच्या गल्लीतल्या भिंती हादरतात आणि आजी स्वतः कानात कापूस घालते. पण त्या आवाजाखाली शब्द आहेत, आणि ते कुणीतरी नीट विचार करून लिहिलेत.

पैशाचं काय?

शेवटी व्यवहाराचं बोलते. ‘लीन ऑन मी’ जगात कुठेही व्यावसायिक पद्धतीने वाजलं तर लिहिणाऱ्याचा हिस्सा ठरलेला असतो. म्हणूनच बिल विदर्स ४७ व्या वर्षी घरी बसू शकला. तो हट्टी होता खरा, पण त्या हट्टाला मागून नोंदींचा आधार होता.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आणखी पक्का केला. कागदावर सगळं आहे. पण हक्क चालतो नोंदीवर, आणि नोंद बिदागीच्या व्यवहारात होत नाही. रात्री वहीतून गाणं उतरवून दिलं, सकाळी गायक ते घेऊन पुढच्या गावाला गेला, त्याची पावती कुठली? त्यात चाल सिनेमाची असेल तर गुंता आणखी वाढतो. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, रेकॉर्डिंग तिसऱ्याचं.

ज्या गोष्टीने ही गाणी पसरली, म्हणजे फुकट आणि हातोहात जाणं, त्याच गोष्टीने लिहिणाऱ्याला मागे ठेवलं. मला यात सोपं उत्तर दिसत नाही. त्यांनी प्रत्येक गाण्याचे पैसे मागितले असते तर ते आजीपर्यंत पोचलं नसतं. प्रतापसिंग बोदडेंसारखे शिष्य तयार झाले तेही वामनदादांनी हात राखून न ठेवल्यामुळेच. पण फुकट वाटणं वेगळं आणि नाव गाळणं वेगळं. पैसे सोडले म्हणून श्रेयही सोडलं असं होत नाही.

तुम्ही काय करू शकता

मी एक छोटं काम सुरू केलंय. आजीची एक वही आहे, निळ्या शाईची, कडा उंदराने खाल्लेल्या. मंडळातल्या बायकांनी एकमेकींना सांगून उतरवलेली गाणी. दर रविवारी मी त्यातलं एक गाणं घेते, छापील संग्रहाशी ताडून बघते, कडवी पूर्ण आहेत का, शेवटच्या कडव्यात नाव आहे का, एवढंच नोंदवते. गाणी इंटरनेटवर टाकत नाही, कारण हक्क माझा नाही. फक्त कुठलं गाणं कुणाचं, याची यादी. ज्या ॲपवर रकाना रिकामा दिसतो तिथे दुरुस्तीचा फॉर्म असतो, तो भरते. आतापर्यंत उत्तर कुणाचंच आलेलं नाही. पुन्हा भरते.

तुमच्या घरी अशी वही असेल तर एकदा शेवटचं कडवं वाचा. वामन असेल, दुसरं कुणी असेल. ज्या गाण्याला तुम्ही लोकगीत समजत होतात, त्याचा माणूस तिथे उभा असेल. आणि घरात कुणी आजी-मावशी असेल तर कॅसेट थांबल्यावर तिला थांबू देऊ नका. तेवढं रेकॉर्ड करून घ्या, कारण वही राहते पण चाल माणसाबरोबर जाते.

भाग संपवण्याआधी आजीला विचारलं, तुला त्या डबेवाल्याचं गाणं कसं वाटलं? म्हणाली, “चांगलं गातो. पण शेवटी नाव नाही टाकलं त्याने. विसरला काय?”

मी म्हटलं, आजी, त्याला गरज नव्हती गं.

ती म्हणाली, “मग बरंय त्याचं.” आणि मेथी धुवायला उठली.

रिंगटोन मी परत बदललाय, हे सांगायचं राहिलं. आता वाशीला गर्दीत फोन वाजतो तेव्हा दोन-तीन लोक वळून बघतात. त्यातला एखादा हळूच जय भीम म्हणतो. भेटू पुढच्या भागात. जय भीम, आणि काळजी घ्या.